एक ते चार बंद

आमच्या घरी दुपारी एक ते चार इंटरनेट बंद असतं. बिल थकलं म्हणून नव्हे, बाबा बंद करतात म्हणून. बाबा म्हणजे माझे सासरे. जेवण झालं की ते हात पुसत हॉलशेजारच्या छोट्या खोलीत जातात, भिंतीवरच्या राउटरचा प्लग काढतात, दाराच्या बेलचं बटण बंद करतात, स्वतःचा मोबाइल बंद करतात, कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून डबीत ठेवतात आणि दार लोटून घेतात. मग तीन तास जगात काहीही होवो, ते आमच्या कोथरूडच्या फ्लॅटपर्यंत पोहोचत नाही.

नवीन लग्न झालेलं असताना मी एकदा धीर करून विचारलं होतं, "बाबा, इंटरनेटलाही दुपारची झोप लागते का?"

"त्याला लागत नाही, म्हणून तर ते दुसऱ्यांची उडवतं," बाबा म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

या सवयीची मी ऑफिसात, माहेरी, मैत्रिणींमध्ये इतकी टिंगल केली आहे की माझ्या काही मैत्रिणी बाबांना कधी न भेटताच ओळखतात. आणि त्याच सवयीने एके दिवशी आमची अशी काही लाज राखली की तो दिवस सांगायला लागले की अजून मला बसून सांगता येत नाही. मी उठून उभी राहते, हातवारे करते, समोरच्याचा चहा सांडतो.

आधी त्या मुलीबद्दल सांगते. मंडईजवळच्या एका गल्लीत तिच्या वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. पणजोबांपासून तेच चालत आलंय, पुण्यातल्या जुन्या मुसलमान घरांपैकी एक. ती जन्मापासून पाहू शकत नाही, आणि तिला वकील व्हायचंय. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, तिची ओळख एका वाचनालयात झाली. आई तिथे आठवड्यातून दोनदा अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला जायच्या. या मुलीची अडचण वेगळी होती. फोनमधला मशीनचा आवाज इंग्रजी बरं वाचतो, पण मराठीतलं कायद्याचं पुस्तक समोर आलं की दर दुसऱ्या जोडाक्षराला ठेचकाळतो. जुन्या छपाईची पानं तर त्याला दिसतच नाहीत.

"ताई, तो कलम वाचतो की रेल्वेचं टाइमटेबल, तेच कळत नाही," ती मला म्हणाली होती. "आजी वाचतात तेव्हा वाक्य कुठे संपलं ते समजतं."

तेव्हा आईंनी ठरवलं की तिची वर्षाची सगळी पुस्तकं घरी बसून रेकॉर्ड करायची. मदतीला कर्वेनगरच्या काकू आल्या. काकू आईंच्या जुन्या मैत्रीण, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नाही. रविवारी मी वाचायचे. रेकॉर्डिंग फोनवर व्हायचं आणि एका सामाईक खात्यातून क्लाउडवर जायचं. तेच खातं आमच्या तिघींच्या फोनवर, तेच आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. मुलीच्या फोनमध्ये जागा नव्हती, त्यामुळे ती थेट क्लाउडवरूनच ऐकायची.

आई सकाळी स्वयंपाक लावून डायनिंग टेबलाशी बसायच्या. चष्मा, पाण्याचा पेला, पुस्तक, आणि पुस्तकाला टेकवून उभा केलेला फोन. आवाज असा स्वच्छ की कराराचा कायदासुद्धा ऐकावासा वाटावा. पण घर ते घर. मध्येच मिक्सर लागायचा, भंगारवाल्याची आरोळी यायची, समोरच्या गॅलरीतल्या पोपटाला काहीतरी सांगायचं असायचं. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी मागून बाबांचा कोरडा आवाज ठरलेला, "एक वाजला." म्हणजे आटोपा, पानं घ्या, इंटरनेट चाललं. बाबा त्यापुढे या कामात कधी पडले नाहीत. "घराचा स्टुडिओ केलाय, फक्त श्रोते तेवढे नाहीत," एवढंच अधूनमधून बोलायचे.

कराराच्या प्रकरणात एक गंमत झाली होती. माणसाची संमती केव्हा खरी मानायची नाही, त्याची यादी आई वाचत होत्या. "बळजबरी, अनुचित प्रभाव, कपट, दिशाभूल," आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, जोरदार. आई शांतपणे थांबल्या, शिट्टी पूर्ण होऊ दिली आणि म्हणाल्या, "आणि चूक." ते मी पुन्हा रेकॉर्ड करूया म्हणाले, तर मुलीनेच नको म्हटलं. "ताई, ती शिट्टी काढू नका. पाचही मुद्दे मला तिच्यामुळेच लक्षात राहिलेत."

असं ते काम वर्षभर चाललं. दसऱ्याच्या तोंडावर शेवटचं प्रकरण वाचून झालं. तिची परीक्षा दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुरू होणार होती, आणि मधले सगळे दिवस ती फक्त उजळणी करणार होती. पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकायचं, लेखनिकाला उत्तरं सांगायचा सराव करायचा, बस्स.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात होते, हडपसरला. नवरा कामासाठी चेन्नईला गेला होता. जेवण करून जागेवर आले, फोन बघितला, तर आमच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज. काकू मेसेजसुद्धा पूर्णविराम देऊन लिहितात.

"दसऱ्याची सफाई पूर्ण. माळा झाला, फडताळं झाली, जेवण करून आता फोनही स्वच्छ केला. रेकॉर्डिंगने सगळी जागा खाल्ली होती, ती काढली. तुमच्या कॉम्प्युटरवर आहेतच."

मी दोनदा वाचलं. मग उठून जिन्यात गेले आणि फोन लावला.

"काकू, रेकॉर्डिंग कुठून काढलंत?"

"कुठून म्हणजे? फोनमधून."

"फोनमधल्या कुठल्या ठिकाणाहून? ते ढगाचं चित्र आहे, त्यातून?"

"हो, तिथेच तर होती सगळी."

"बरं, हरकत नाही. त्यातच एक कचरापेटी असते. काढलेलं सगळं तिथे जाऊन पडतं. ती उघडा फक्त."

"ती बघितली मी," काकू म्हणाल्या. "तीही रिकामी केली. कचरा घरात ठेवून कोणी दसरा करतं का?"

मी जिन्यातच बसले. फोनवरून खातं उघडलं. वर्षभराचं फोल्डर, विषयवार नावं दिलेलं, प्रकरणवार लावलेलं, कुठेही नव्हतं. क्लाउडवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं तर लगेच आपोआप उत्तर आलं की आपलं म्हणणं मिळालं, काही दिवसांत कळवू. काही दिवसांत तिची परीक्षा संपली असती.

गोष्ट अशी होती की आम्ही सगळ्याजणी त्या क्लाउडला कपाट समजत होतो. एक प्रत माझ्याकडे, एक तुमच्याकडे, एक वर. प्रत्यक्षात तो आरसा होता. एका ठिकाणी काढलं की सगळीकडून निघतं, कारण सगळीकडे तेच एक आहे. आमच्या घरचा कॉम्प्युटर दिवसभर चालूच असतो, आणि काकूंनी फोन पुसला की दुसऱ्या मिनिटाला त्याच्यावरूनही सगळं पुसलं जाणार. म्हणजे गेलंच असणार. मी त्या मुलीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले, आणि एकही जुळेना. मला रडू यायला लागलं.

आणि मग मला बाबा आठवले.

काकूंनी जेवण करून फोन स्वच्छ केला होता. काकू जेवतात दीडला. आणि आमचा राउटर बंद झाला होता एकला! कोथरूडच्या त्या कॉम्प्युटरला बाहेर काय झालंय याचा पत्ताच नव्हता. त्याच्या पोटात वर्षभराची सगळी रेकॉर्डिंग जशीच्या तशी होती, आणि चार वाजता बाबा उठून प्लग लावेपर्यंत ती तिथेच राहणार होती. मी जिन्यात बसल्या बसल्या मोठ्याने हसले. वरून उतरणाऱ्या एका माणसाने दचकून कठडा धरला.

पर्स घेतली, साहेबांच्या केबिनमध्ये डोकं घातलं. "सर, घरी इमर्जन्सी आहे, निघते."

"काय झालं?"

"सासरे उठतील," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघायला थांबले नाही.

लिफ्टमध्ये आईंना फोन लावला. तो घरातच वाजला असणार, किंवा बंद असणार, कारण आई झेंडू आणायला मंडईत गेल्या होत्या, आणि मंडईतल्या गर्दीत त्या फोन कधीच नेत नाहीत. आता दुसरीच भीती. आई चारच्या आत परत आल्या, तर बाबांना न उठवता हळूच प्लग लावतात आणि टॅबवर कीर्तन बघतात. हे त्यांचं गुपित घरात सगळ्यांना माहीत आहे, बाबा सोडून. वॉचमनला सांगावं, तर त्याचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, म्हणजे जो त्याच्यासमोर उभा आहे त्यालाच दिसेल असा. शेजारचे दोन्ही फ्लॅट सुट्टीला गेलेले. मग मी पुन्हा काकूंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"म्हणजे मी त्या मुलीचं वर्ष कचऱ्यात टाकलं," काकू म्हणाल्या.

"अजून नाही. तुम्ही रिक्षा करा आणि आमच्या दारात जाऊन बसा. आई आल्या तर त्यांना आत सोडू नका. मी येईपर्यंत घरात काहीही चालू होता कामा नये."

"तिच्याच घरात तिला सोडायचं नाही?"

"नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांना असलं काम आवडतं.

आणि मग मी गाडीला किक मारली. खरं तर बटण दाबलं, पण त्या दिवसाला बटण शोभत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हडपसरहून कोथरूडला दुपारी जायचं म्हणजे अख्खं पुणं आडवं येतं. जिथे तिथे झेंडूचे ढीग, ढिगांपुढे गाड्या, गाड्यांवरून न उतरता भाव करणारी माणसं. स्वारगेटला सिग्नलवर एक बाई स्कूटरवर बसून आपट्याची पानं निवडत होत्या. मी हॉर्न वाजवला. "अहो, पानं आहेत, वाजवून पिकणार नाहीत," त्या म्हणाल्या. एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला त्या बाई, ती पानं, तो सिग्नल, सगळंच आवडत होतं. एक माणूस तिकडे शांत पडलेला आहे, आणि तो जितका वेळ पडलेला आहे तितका वेळ सगळं शाबूत आहे, या कल्पनेने मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. दांडेकर पुलाजवळ मी चक्क म्हटलंही. हेल्मेटमधून कुणाला ऐकू जातं?

म्हात्रे पुलावर मात्र सगळं थांबलं. पुढे एका टेम्पोतून ऊस सांडला होता. मोटरसायकलवरून उतरून पाच-सहाजण तो उचलायला लागले, आणि उरलेले कसा उचलावा ते सांगायला लागले. मीही उतरले. दोन ऊस उचलून टेम्पोत टाकले आणि म्हणाले, "दादा, जरा बाजूला घेता का, मला चारच्या आत पोहोचायचंय."

"ताई, सगळ्यांनाच चारच्या आत पोहोचायचंय," टेम्पोवाला म्हणाला, पण घेतला बाजूला.

सोसायटीत शिरले तेव्हा चारला अगदी थोडा वेळ होता. लिफ्टची वाट न बघता जिना चढले. आमच्या मजल्यावर पोहोचले, आणि समोरचं दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. दारापुढच्या पायरीवर आई बसलेल्या, शेजारी काकू. मध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर झेंडूचा ढीग, आणि दोघी देठ खुडताहेत.

"ही मला माझ्या घरात जाऊ देत नाही," आई मला म्हणाल्या. "मी म्हटलं पाणी तरी पिऊ दे, तर म्हणाली, माझ्या पर्समधली बाटली घे."

"सूचना होती," काकू म्हणाल्या.

मी किल्ली लावली. "दोन मिनिटं बाहेरच थांबा," असं सांगून आत शिरले, आणि चपला न काढताच छोट्या खोलीचं दार ढकललं.

बाबा झोपलेले नव्हते.

ते कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले, आणि कानांवर माझ्या नवऱ्याचे जुने, मोठे हेडफोन. मला काही समजायच्या आत त्यांनी डोळे उघडले, दाराकडे न बघताच घड्याळाकडे पाहिलं, हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवले आणि उठून राउटरचा प्लग हातात घेतला.

"बाबा, नको," मी ओरडले. यंत्र डबीत होतं. त्यांना काय ऐकू येणार? ते सॉकेटपाशी वाकले. मी धावले आणि सासऱ्यांचा हात मनगटाशी घट्ट धरला. लग्नानंतर नमस्कारापलीकडे मी त्यांना कधी स्पर्शही केला नव्हता.

"काय झालं?" बाबा खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाले. "कोण गेलं?"

मी मान हलवली, डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी यंत्र कानात घातलं, आणि मी एका दमात सगळं सांगितलं. फोन, सफाई, कचरापेटी, आरसा. ते सगळं ऐकून बाबांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे फोल्डर उघडंच होतं. सगळं होतं. प्रत्येक विषय, प्रत्येक प्रकरण.

"म्हणजे हा प्लग मी आत्ता लावला असता तर हे गेलं असतं?"

"सगळं."

बाबांनी प्लग वायरीसकट राउटरपासून सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "आता लाव म्हणावं कुणीही," ते म्हणाले.

मी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला, लावला, आणि सगळं फोल्डर त्यावर उतरवायला सुरुवात केली. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. तेव्हा कुठे माझं लक्ष त्या खुंटीवरच्या हेडफोनकडे गेलं.

"बाबा, तुम्ही हे ऐकत होतात?"

"झोप लागत नाही हल्ली."

"पण कराराचा कायदा?"

बाबा हिरव्या पट्टीकडे बघत राहिले.

"कायदा कोण ऐकतंय," ते म्हणाले. "या कानातल्या यंत्रातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू येतात. तूही. तीही. त्या हेडफोनमधून आवाज मोठा केला की ती नीट ऐकू येते. पूर्वी यायची तशी."

मी दुसरा पेन ड्राइव्ह शोधायला ड्रॉवर उघडला.

"आणि राउटर?"

"आधी झोपेसाठी बंद करायचो. आता तुमच्या त्या ग्रुपवर सारखं काहीतरी येतं आणि इथे टुंग करून वाजतं. ती वाचत असते, आणि मध्येच कुणाच्या तरी अनारशांचा फोटो." मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगायचं नाही. सांगितलंस तर ती माझ्यासाठी वाचायला लागेल, आणि त्या मुलीची पुढच्या वर्षाची पुस्तकं तशीच राहतील."

आई आणि काकू आत आल्या तेव्हा बाबा राउटरपाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. मी एक पेन ड्राइव्ह भरला, दुसरा भरला, मग नवऱ्याची जुनी हार्ड डिस्क शोधून तिच्यावरही सगळं उतरवलं. कॉम्प्युटर त्या सामाईक खात्यातून बाहेर काढला. एवढं झाल्यावर बाबांनी खिशातून प्लग काढून दिला. काकूंनी एक पेन ड्राइव्ह रुमालात बांधला. "मी घालवलं होतं, मीच देऊन येते," म्हणाल्या आणि चहाही न घेता मंडईकडे गेल्या. मुलीला त्यांनी सगळं खरं सांगितलं. ती म्हणे इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. तिच्या भावाने तो पेन ड्राइव्ह जोडून दिला, आणि त्या संध्याकाळी तिची उजळणी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही नेहमीसारखी गाड्यांची, हत्यारांची, कॉम्प्युटरची पूजा केली. बाबांनी एक झेंडू हार्ड डिस्कवर ठेवला, एक राउटरवर. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एक हेडफोनवर.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी आमच्या घरी आली, वडिलांबरोबर. हातात मिठाई. आईंच्या पाया पडली, काकूंच्या पडली. बाबा आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते.

"कसे गेले पेपर?" त्यांनी विचारलं.

ती आवाजाच्या दिशेने वळली आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "एक वाजला," ती म्हणाली. "तुम्हीच ना ते आजोबा?"

बाबा हसले. मी त्यांना इतकं हसताना क्वचितच पाहिलंय. मग ती पेपरांबद्दल सांगायला लागली. कराराच्या पेपरात पहिलाच प्रश्न संमतीचा आला होता, आणि तिने लेखनिकाला धडाधड मुद्दे सांगितले. "बळजबरी, अनुचित प्रभाव," तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात तिच्या वडिलांनी मिठाईचा पुडा कुठे ठेवायचा विचारलं आणि ती मध्येच थांबली.

"कपट, दिशाभूल," बाबांनी पेपरमागून पुढचं पूर्ण केलं. मग ते थांबले. चांगले लांब थांबले. आणि म्हणाले, "आणि चूक."

मुलगी टाळी वाजवून हसायला लागली. "आजोबा, तुम्ही कुकरच्या शिट्टीसाठी थांबलात!"

तिला ती केवळ गंमत वाटली. काकूंना काही कळलं नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आईंच्या हातात पाण्याचा ट्रे होता, तो तसाच राहिला. त्या बाबांकडे बघत होत्या. ती शिट्टी कुठे होते, किती वेळ होते, हे रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं, आणि बाबा त्या कामात कधीच पडले नव्हते. बाबांनी पेपर तोंडापुढे आणखी वर केला.

आईंनी ट्रे टेबलावर ठेवला. मग डायनिंग टेबलाशी, आपल्या वाचायच्या जागेवर जाऊन बसल्या, चष्मा पुसला आणि त्या मुलीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षाची पुस्तकं कधी आणतेस?"

"आजी, निकाल तरी लागू द्या."

"निकाल लागतच राहील," पेपरमागून आवाज आला. "पुस्तकं आण."